पेनड्राइव्ह दिला म्हणजे पुरावा पोचला, असं नाही

वकिलांच्या, पोलिसांच्या आणि आता सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवरही एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: "1 जुलै 2024 पासून नवा साक्ष्य कायदा लागू. 65-ब चं प्रमाणपत्र रद्द. मोबाइल, पेनड्राइव्ह, सीडी आता थेट प्राथमिक पुरावा. तपास अधिकाऱ्याने डेटा कॉपी करून सरकारी वकिलांना दिला की काम झालं. हॅश व्हॅल्यू हा आरोपीच्या वकिलांनी उभा केलेला बाऊ आहे. जप्त डेटा आरोपीला द्यावा लागत नाही. सरकारी वकिलांचं काम दोषारोपपत्र कोर्टात गेल्यावर सुरू होतं."

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी काम करते, बहुतेक वेळा फिर्यादीच्या बाजूने, सरकारी वकिलांना साहाय्य म्हणून. हा संदेश मला एका तरुण उपनिरीक्षकाने "मॅडम, हे खरं आहे ना?" असं विचारत पाठवला. त्याला फोनवर जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहिते. या संदेशावर विसंबून कोणी मुद्देमाल हाताळला तर नुकसान आरोपीचं होत नाही, फिर्यादीचं होतं.

"65-ब चं प्रमाणपत्र रद्द"

65-ब हे जुन्या साक्ष्य कायद्याचं कलम. इलेक्ट्रॉनिक अभिलेखाची प्रत कोणत्या उपकरणातून, कशी काढली हे सांगणारं प्रमाणपत्र ते मागायचं. कलमाचा आकडा बदलला, प्रमाणपत्र आहे तिथेच आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63(4) मध्ये ते मागितलं आहे आणि आधीपेक्षा जास्त कडकपणे. जुन्या 65-ब ला ठरलेला नमुना नव्हता, ज्याला जसं सुचेल तसं तो लिहून आणायचा. आता कायद्याच्या अनुसूचीत नमुना दिला आहे. त्याचे दोन भाग आहेत: पहिला उपकरण ज्याच्या ताब्यात किंवा देखरेखीत आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश व्हॅल्यू (फाइलची गणिताने काढलेली ओळखखूण, खाली सविस्तर येते) लिहायची आणि ती कोणत्या पद्धतीने काढली तेही. कलमात आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती वाचताना सुटते: इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुरावा म्हणून दाखल कराल त्या प्रत्येक वेळी प्रमाणपत्र सोबत हवं.

हा आग्रह कुठून आला ते मराठी वाचकाला सांगायला जालन्याचं उदाहरण पुरेसं आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत तिथली जागा 296 मतांनी ठरली. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं होतं की अर्जुन खोतकर यांचे उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाले. निवडणूक अधिकाऱ्यांच्या दालनातलं चित्रण उपलब्ध होतं, त्याच्या सीडीही मिळाल्या, पण प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा मागूनही मिळालं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 14 जुलै 2020 ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला. प्रत हजर करायची असेल तर प्रमाणपत्र बंधनकारक. मूळ उपकरणाचा मालक स्वतः साक्षीला उभा राहून ते उपकरणच हजर करत असेल तर त्याची गरज नाही. आणि पक्षकाराने हातात होतं ते सगळं करूनही संबंधित अधिकारी प्रमाणपत्र देत नसेल, तर अशक्य गोष्टीसाठी त्याला अडवायचं नाही.

या शेवटच्या सवलतीवर तपास यंत्रणेने भरवसा ठेवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गोरंट्यालांच्या हातात ते कार्यालय नव्हतं. पोलिसांनी जप्त केलेला फोन पोलिसांच्याच ताब्यात असतो.

"थेट प्राथमिक पुरावा"

हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक. कलम 57 च्या स्पष्टीकरणांत इलेक्ट्रॉनिक अभिलेख प्राथमिक पुरावा मानला आहे, पण त्यात दोन अटी आहेत: तो योग्य ताब्यातून हजर झालेला हवा आणि त्यावर वाद उपस्थित झालेला नसावा. फौजदारी खटल्यात वाद उपस्थित होणार हे धरूनच चालायचं. आणि 'योग्य ताबा' हा शब्द नुसता म्हणून सिद्ध होत नाही. फोन कोणाकडून कोणाकडे, कधी, कोणत्या अवस्थेत गेला, हे कागदावर असेल तरच तो सिद्ध होतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम 193 ने तर दोषारोपपत्रातच इलेक्ट्रॉनिक उपकरणाच्या ताब्याचा क्रम लिहायला सांगितलं आहे.

"कॉपी करून दिला की काम झालं"

इथे मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

काही वर्षांपूर्वीची एक फिर्याद. बाईंना धमकीचे संदेश येत होते आणि त्यांनी स्वतःहून फोन पोलिसांकडे दिला. तपास अधिकाऱ्याने संदेशांचे फोटो आपल्या मोबाइलवर काढले, व्हॉट्सअॅपवरून अभिप्रायासाठी पुढे पाठवले, त्याच फोटोंच्या प्रिंट दोषारोपपत्राला जोडल्या. बाईंचा रोजचा फोन अडकून पडला म्हणून तो सुपूर्तनाम्यावर परत दिला. त्यात वाईट काही नव्हतं, पण परत देण्याआधी त्याची न्यायवैद्यक प्रत, म्हणजे आतल्या सगळ्या डेटाची पुराव्यासाठी काढलेली प्रत, काढलीच नव्हती. खटला उभा राहीपर्यंत फोन बिघडून बदलला गेला होता. उलटतपासात पहिलाच प्रश्न आला: हे फोटो कोणी, कोणत्या फोनने, कधी काढले? पंचनाम्यात त्याचा उल्लेख नव्हता. आरोपी सुटला. बाई कोर्टाच्या पायऱ्यांवर मला विचारत होत्या, "मी फोन दिला होता ना हो?" त्यांनी दिला होता. पुढच्या कोणीच तो नीट दिला नव्हता.

साध्या कॉपीने नेमकं काय बिघडतं? फोल्डर उचलून पेनड्राइव्हवर टाकलं की दिसणाऱ्या फाइल येतात. पुसलेल्या फाइलचे अवशेष आणि डिस्कवरची मोकळी दिसणारी जागा येत नाही. फाइल तयार झाल्याची तारीख कॉपीच्या दिवसाची होऊ शकते. हार्ड डिस्क सरळ संगणकाला जोडली तर ती प्रणाली स्वतःच तिच्यावर काहीबाही लिहिते, म्हणून मध्ये लेखनरोधक उपकरण, म्हणजे राइट ब्लॉकर, लावतात. व्हॉट्सअॅपवरून फोटो पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि कॅमेरा, वेळ, ठिकाण यांची आतली माहिती गळून पडते. म्हणजे पाठवला एक फोटो आणि पोचला दुसराच.

नीट रीत अशी. फोन जप्त करताना तो चालू आहे की बंद, लॉक आहे की उघडा, आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, कोणता, सिम किती, हे पंचनाम्यात येतं. चालू असेल तर नेटवर्क तोडतात, नाहीतर दुरून पुसला जाण्याची भीती असते. झडतीचं आणि जप्तीचं चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे होतं आणि विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे जातं. मग सील, लेबल, पंचांच्या सह्या, मुद्देमाल रजिस्टरला नोंद. प्रयोगशाळेत मूळ उपकरणाची संपूर्ण प्रतिमा, म्हणजे आतल्या डेटाची जशीच्या तशी नक्कल, काढली जाते. त्या प्रतिमेची एक मुख्य प्रत सीलबंद राहते आणि वाचायला, शोधायला, शेरे मारायला दुसरी कामाची प्रत बनते. सरकारी वकिलांकडे जायला हवी ती ही कामाची प्रत. मूळ फोन त्यांच्या टेबलावर यायचं कारणच नाही. तो आला आणि कोणी सहज चालू करून पाहिला, तर त्या क्षणापासून सरकारी वकीलच त्या खटल्याचे संभाव्य साक्षीदार होतात.

प्रत सुपूर्द करतानाच्या पत्रात तरी चार गोष्टी हव्यात: माध्यमाचा अनुक्रमांक, हॅश, देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या सह्या तारीख-वेळेसह, आणि ही प्रत कोणत्या प्रतिमेवरून काढली. घेणाऱ्याने आपल्या संगणकावर हॅश पुन्हा काढून जुळवावी आणि 'जुळली' असं लिहून द्यावं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, फाइल मोठी असेल तर थोडं जास्त. प्रत सांकेतिक करून, म्हणजे पासवर्डशिवाय उघडणार नाही अशी करून, पाठवावी आणि पासवर्ड वेगळ्या मार्गाने कळवावा. पेनड्राइव्हच्या पाकिटावर पासवर्ड लिहिलेला मी पाहिला आहे.

"हॅश व्हॅल्यू हा बाऊ"

हॅश म्हणजे फाइलच्या आशयावरून गणिताने काढलेली ठरावीक लांबीची अक्षरमाळा. शा-256 पद्धतीत ती 64 अक्षरांची असते. आत एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी माळ बदलते. लाखेचं सील बाहेरून दिसतं, हॅश आतून बोलते.

केरळमध्ये एका अभिनेत्रीवरच्या अत्याचाराच्या खटल्यात पुरावा असलेलं मेमरी कार्ड न्यायालयाच्या ताब्यात होतं. तिथे असताना ते उघडलं गेल्याचं हॅश बदलल्यामुळे उजेडात आलं आणि डिसेंबर 2023 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने चौकशीचा आदेश दिला. ती चौकशी मागत होती पीडिता, आरोपी नव्हे. हॅश नसती तर तिला दाद मागायला आधारच नव्हता.

मात्र हॅशकडून नको तेवढी अपेक्षाही करू नये. ती फक्त सांगते की माळ काढल्यानंतर काही बदललं नाही. आधीचं ती काही सांगत नाही, म्हणून ती जप्तीच्या जितकी जवळ तितकी उपयोगी. आणखी एक गैरसमज असा: चालू फोनची दोनदा प्रत काढली तर दोन हॅश वेगळ्या येऊ शकतात, कारण फोन स्वतःच आत नोंदी बदलत असतो. तो बिघाड नव्हे. म्हणून हॅश काढलेल्या प्रतिमेची नोंदवतात आणि पुढे त्या प्रतिमेशीच जुळवतात. हे साक्षीदार अधिकाऱ्याला माहीत नसेल तर उलटतपासात तो विनाकारण गडबडतो.

"आरोपीला द्यावं लागत नाही"

द्यावं लागतं. पोलिस अहवाल, म्हणजे दोषारोपपत्र, आणि सोबतची कागदपत्रं आरोपी हजर झाल्यापासून 14 दिवसांच्या आत द्यायची, असं नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 230 सांगतं. वर सांगितलेल्याच केरळच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरवलं की मेमरी कार्डमधला आशय हा दस्तऐवज आहे आणि एरवी आरोपीला त्याची प्रत मिळायला हवी. पण तिथे पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न होता, म्हणून प्रत न देता वकील आणि तज्ज्ञासह केवळ पाहण्याची मुभा दिली. अपवाद न्यायालय ठरवतं, पोलिस ठाणं नाही.

"सरकारी वकिलांचं काम नंतर सुरू होतं"

संहितेच्या कलम 20 ने अभियोग संचालनालयातल्या, म्हणजे सरकारी खटल्यांवर देखरेख ठेवणाऱ्या कार्यालयातल्या, अधिकाऱ्यांना शिक्षेच्या गटांनुसार प्रकरणं वाटून दिली आहेत आणि पोलिस अहवाल तपासणं हे त्यांच्या कामात धरलं आहे. याचा अर्थ त्यांनी तपास चालवावा असा नाही. दोषारोपपत्राआधी सरकारी वकिलांचं मत घ्यायला तपास अधिकाऱ्याला भाग पाडता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच आर. सरला प्रकरणात सांगितलं. पण सक्ती नाही म्हणजे मनाई आहे असं नव्हे. प्रमाणपत्राचा दुसरा भाग भरला का, मुद्देमाल रजिस्टरची वेळ आणि प्रयोगशाळेच्या पावतीची वेळ यांत भोक आहे का, फोनमध्ये सापडलेले गुन्ह्याशी संबंध नसलेले लोकांचे खासगी फोटो प्रतीत कशाला आहेत, हे प्रश्न तेव्हाच विचारले तर सुधारता येतात.

उपनिरीक्षकाने शेवटी जरा अडखळत विचारलं: त्याच्याकडच्या एका प्रकरणातला फोन बारा दिवस कपाटात आहे, प्रयोगशाळेत गेलेला नाही, हॅश घेतलेली नाही. आता काय करू? मी म्हटलं, आजच पाठवा. त्या बारा दिवसांचा खुलासा स्टेशन डायरीच्या आधाराने लिहून काढा: कपाट कोणाचं, किल्ली कोणाकडे, फोन चालू होता की बंद, सील शाबूत आहे का. जे घडलं तेच लिहा, तारखा मागे नेऊ नका. आणि सरकारी वकिलांना हे तुम्ही स्वतः जाऊन सांगा, उलटतपासात त्यांना कळायच्या आत.