चॅनल चिंगीचं, अकाउंट पप्पांचं

चिंगी सात वर्षांची झाली आणि तिच्या नावाचं यूट्यूब चॅनल अजून नाही? सांगलीच्या अख्ख्या विश्रामबागेत तोंड दाखवायला जागा उरणार नाही. आजच काढा. अकाउंट अर्थातच पप्पांचं.

अपलोड करताना यूट्यूब विचारतं, हा व्हिडिओ मुलांसाठी बनवलेला आहे का? व्हिडिओत चिंगी आहे म्हणून 'होय' दाबू नका. प्रश्न बघणाऱ्याचा आहे, दिसणाऱ्याचा नाही. चिंगी आजीशेजारी बसून भडंगाची फोडणी बघतेय आणि व्हिडिओ बघणार बायका, तर 'नाही' चालतं. तीच चिंगी बाहुलीचं खोकं फोडत बालगीत म्हणत असेल तर उत्तर 'होय'च.

पण 'होय' म्हणजे दिवाळं. कॉमेंट बंद, बेल आयकॉन बंद, शेवटी येणारी 'पुढचा व्हिडिओ बघा'ची चौकट बंद. बघणाऱ्याच्या आवडीनिवडी हुंगून येणाऱ्या जाहिराती बंद. व्हिडिओच्या विषयाला धरून येतात तेवढ्याच उरतात, आणि त्यांचा भाव पडेल असतो. हे सगळं अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यामुळं. पालकांना न विचारता १३ वर्षांखालच्या मुलांची माहिती गोळा केली म्हणून सप्टेंबर २०१९ मध्ये गुगल-यूट्यूबला १७ कोटी डॉलर मोजावे लागले. जानेवारी २०२० पासून ती 'होय-नाही'ची खूण करायचं काम जगभरच्या चॅनलवाल्यांच्या गळ्यात पडलं. दंड झाला तिकडं, बेल गेली सांगलीतली.

मग पळवाटा. वर्णनात 'हे चॅनल फक्त मोठ्यांसाठी' असं ठळक लिहा. उपयोग शून्य, पण मनाला बरं वाटतं. बाहुलीच्या व्हिडिओवर थेट १८ वर्षांची अट घाला. मग लॉगिन न केलेल्यांना तो दिसणारच नाही आणि जाहिरातीही आटतील, पण तत्त्व महत्त्वाचं. किंवा बिनधास्त 'नाही' दाबा. यूट्यूबचं यंत्र बालगीत ओळखून स्वतःच 'होय' करेल, तुम्हाला ते बदलता येणार नाही, मग अपील करत बसा. तेवढाच विरंगुळा.

सबस्क्रायबर वाढवायला गणपतीत चित्रकला स्पर्धा घ्या. गुगल फॉर्ममध्ये मुलाचं नाव, शाळा, तुकडी, जन्मतारीख, आईचा नंबर, सगळं मागा. बक्षीस एक कंपासपेटी. आपल्याकडचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहितीचा कायदा १८ वर्षांखालच्या सगळ्यांना बालक धरतो, पालकांची पडताळलेली संमती मागतो आणि मुलांबाबतची अट मोडली तर दंडाची कमाल मर्यादा २०० कोटी रुपये ठेवतो. घाबरू नका. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि संमतीच्या तरतुदींना त्यापुढं १८ महिन्यांची सवड आहे. तेवढ्यात एक गणपती, म्हणजे एक स्पर्धा आरामात बसते.

आता मुख्य मालाकडं या. चिंगीनं कुठलं कार्टून बघितलं हे जाहिरातवाल्याला कळू नये, यासाठी एवढे कायदे झाले. चिंगी कुठल्या शाळेत जाते हे जगाला सांगायला कुठलीही खूण करावी लागत नाही. म्हणून गणवेश इस्त्रीचा हवा, बिल्ला फोकसमध्ये हवा. सकाळचा व्लॉग रिक्षा येते तिथूनच सुरू करा, रोज त्याच वेळी. प्रेक्षकांना सवय लागते. वाढदिवसाला केकवरचं वय आणि तारीख जवळून घ्या. लोकेशन टॅग करायला विसरू नका.

रडणं मात्र जपून. मुलांना मुद्दाम रडवलेलं यूट्यूबच्या बालसुरक्षा धोरणात बसत नाही. दवाखान्यात इंजेक्शनच्या वेळी मोबाइल तयार ठेवा, सुई टोचायच्या आधी दोन सेकंद रेकॉर्डिंग सुरू करा. आणि चिंगीनं हातानं कॅमेरा झाकला, तर तोच फोटो थंबनेलला लावा.