शंभरापर्यंत येतं, पण चार वाट्या आणता येत नाहीत

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपवर आला. तीन नात्यागोत्यातले, एक सोसायटीचा. वर 'सुजाण मातांसाठी', खाली लाल दिव्यांची रांग. मजकूर थोडक्यात असा: तीन वर्षांचं मूल शंभरपर्यंत आकडे म्हणत नसेल तर ते मागे पडलंय. वाट्या-चमचे, कांदे-बटाटे मोजायला लावणं हा आजीच्या काळातला टाइमपास आहे. बोटांवर मोजायची सवय लागली की जन्मभर सुटत नाही. आकडे इंग्रजीतूनच शिकवा, मराठी आकड्यांनी मुलं गोंधळतात. आणि घरातल्या वस्तू धोक्याच्या, त्यापेक्षा कार्डं आणि अ‍ॅप बरं. दहा मातांना पाठवा, वगैरे.

मी २२ वर्षं बालवाडीत शिकवलं, आता घरी साडेतीन वर्षांची नात आहे. त्यामुळे गप्प बसवलं नाही.

"तीन वर्षांत शंभर." आमची नात वीसपर्यंत घडाघडा म्हणते. मधला 'सोळा' बहुतेक वेळा गळतो, पण पाहुण्यांच्या ते लक्षात येत नाही. परवा तिला म्हटलं, "चार वाट्या आण गं." ती पोटाशी कवटाळून सात घेऊन आली. म्हटलं, मोज बरं. एकेका वाटीला बोट लावत तिनं अगदी बरोबर मोजलं, एक ते सात. "मग किती झाल्या?" तर बाईसाहेब पुन्हा पहिल्या वाटीपासून सुरू: एक, दोन, तीन... मी तीनदा विचारलं, तिनं तीनदा मोजलं. तिच्या लेखी 'किती' या प्रश्नाचं उत्तर म्हणजे मोजून दाखवणं. शेवटी तोंडातून निघालेला 'सात' हा त्या सगळ्या वाट्यांचा मिळून आहे, हे अजून तिच्या गावी नाही.

यात तिचं काही चुकलेलं नाही, बहुतेक मुलं याच वाटेनं जातात. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची फोड करून दाखवली. एका वस्तूला एकच शब्द. शब्दांचा क्रम ठरलेला. शेवटचा शब्द म्हणजे एकूण संख्या. वस्तू कोणतीही चालते, आणि सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर तेच. आता बघा, शंभरपर्यंत म्हणणं यातल्या फक्त दुसऱ्या गोष्टीत बसतं. पुढे कॅरन विन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मुलांना 'इतक्या वस्तू दे' असं सांगून पाहिलं. त्यात दिसलं की मूल आधी फक्त 'एक' बरोबर देतं, काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन'. त्यानंतर, साधारण साडेतीन वर्षांच्या आगेमागे, मोजून हवी ती संख्या देता येते हे त्याला उमगतं. 'एक'पासून 'तीन'पर्यंत यायलाच असे महिनेच्या महिने जातात, आणि मेसेज म्हणतो शंभर!

क्रमातले शब्द हा तर निव्वळ रिवाज. माझे वडील धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन, चार. शब्द बदलला म्हणून पोत्यात एक माप कमी पडलं नाही.

मागे पडलंय म्हणायचं तर कुणाच्या मागे? केंद्र सरकारच्या २०२१ च्या निपुण भारत योजनेत बालवाटिकेसाठी, म्हणजे पहिलीच्या आदल्या वर्षासाठी, लक्ष्य आहे दहापर्यंतचे अंक ओळखणं आणि वाचणं. ९९ पर्यंतचे अंक पहिलीत येतात. मेसेजवाल्यांनी तीन वर्षांच्या पोराला पहिली पास करून टाकलं.

"आजीच्या काळातला टाइमपास." आजीच्या काळातला, हे कबूल. बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक गुजरातेत भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर मॉन्टेसरी पद्धतीवर, म्हणजे मुलांनी साहित्य हाताळत शिकण्याच्या पद्धतीवर, काम करून आल्या आणि १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. पुढे ते कोसबाडला गेलं, सोबतीला अनुताई वाघ होत्या. मॉन्टेसरीचं विकतचं साहित्य तिथे परवडणारं नव्हतं. मग शंख-शिंपले, खडे, बिया, पानं हेच साहित्य झालं. टाइमपास म्हणून कुणी ते केलं नव्हतं. परवडण्यासारखं आणि मुलाच्या हाताखालचं काय आहे, याचा विचार करून केलं होतं.

पण माझा खरा मुद्दा पैशाचा नाही. घरात मोजणीची गरज पडते, कार्डात पडत नाही. संध्याकाळी ताटं मांडायचं काम मी नातीला दिलं. माणसं पाच. तिनं ताटं आणली, एकेका पाटापुढे एक ठेवत गेली आणि आजोबांपाशी हात रिकामा. "आजोबांना नाही!" ओट्यापाशी पळाली, एक ताट घेऊन आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार आणली, पुन्हा पळाली. चौथ्या दिवशी ओट्याजवळ उभी राहून पुटपुटली, "आई, बाबा, आजी, आजोबा, मी", प्रत्येक नावाला एक ताट उचललं आणि एकाच खेपेत आली. पाच हा आकडा तिनं उच्चारलासुद्धा नाही. मी मात्र बालवाडीत असते तर त्या दिवशी तिच्या नावापुढे बरोबरची खूण केली असती. कार्डावरचं उत्तर चुकलं तर मोठ्यांनी सांगावं लागतं. ताट कमी पडलं तर आजोबा उपाशी राहतात, कुणी सांगावं लागत नाही.

घरी करून बघायचं असेल तर एक युक्ती. मुलं पसरलेल्या चमच्यांपैकी एकाला दोनदा बोट लावतात, एखादा सोडतात. तेव्हा 'नीट मोज' म्हणून ओरडायचं नाही. मोजलेला चमचा ताटातून परातीत टाकायला सांगायचं. खण्ण आवाज, एक शब्द. ताट रिकामं झालं की विचारायचं, परातीत किती? आणि मोजायला वीस चमचे देऊ नका, पाच पुरे. रिकामी वाटीही दाखवा. माझे आजोबा शून्याला 'पूज्य' म्हणायचे, तो शब्द ऐकून आम्ही रिकाम्या वाटीला नमस्कार करायचो.

"बोटांची सवय सुटत नाही." सुटते. आकडेमोड तोंडपाठ झाली की बहुतेक मुलं बोटं आपोआप सोडतात, कारण बोटं वेळखाऊ असतात. तोपर्यंत कायम जवळ असणारं, न हरवणारं दुसरं कुठलं साहित्य आहे? जपाला बसलेल्या आजीला अंगठा पेरांवरून फिरवताना कुणी 'सवय सोड' म्हणत नाही. चार बोटांची बारा पेरं होतात, हेही मुलांना तिच्याकडूनच कळतं.

"मराठी आकड्यांनी गोंधळ." यात अर्धं तथ्य आहे, म्हणून जरा थांबते. मराठीत 'पंचवीस' म्हणताना पाच आधी, लिहिताना दोन आधी. 'एकोणतीस' म्हणजे तिसाला एक कमी, हे मुलाला कुणी सांगितलेलं नसतं. याच अडचणीपायी २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस पाच'सारखी वाचनं आली. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या. त्यावरून विधानसभेपासून चहाच्या टपरीपर्यंत किती धुरळा उडाला ते आठवत असेल. मला स्वतःला ती कल्पना आवडली होती, घरात मात्र कुणालाच नाही.

पण हा गोंधळ दहानंतरचा, आणि प्रश्न दुसरीचा. साडेतीन वर्षांच्या मुलाचं काम दहाच्या आत असतं. तिथे एक ते दहा सरळ आहेत, मग इंग्रजीनं काय सोपं झालं? 'इलेव्हन, ट्वेल्व्ह'मध्ये तरी दहा कुठे ऐकू येतो? 'थर्टीन'मध्येही तीन आधीच येतो.

उलट मराठीत एक गोष्ट आयती आहे. 'दोन्ही हात धू', 'तिन्ही डबे आण', 'दोघं या', 'चौघं बसा'. माणसांसाठी वेगळा शब्द, आणि 'सगळे मिळून इतके' सांगणारा वेगळा. वाट्यांच्या वेळी नातीचं अडलं होतं ते नेमकं इथेच, सगळ्या मिळून किती याच्यावर. 'दोन्ही' मात्र ती पावणेदोन वर्षांची असल्यापासून बरोबर वापरते. 'दोन्ही बूट दे' म्हणताना ती एक-दोन असं मोजत नाही, जोडी आख्खी बघते. हा धागा हातात असताना तो सोडून 'वन-टू'पासून सुरुवात कशाला करायची? इंग्रजी आकडे शाळेत येतीलच. त्यांना माझी ना नाही.

"अ‍ॅप आणि कार्डं." कार्डं वाईट नाहीत, ताटांनंतर आणा. स्क्रीनबद्दल जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्येच सांगितलंय: दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी असेल तर उत्तम. तो तास आमच्याकडे कार्टूनमध्येच संपतो.

"घरातल्या वस्तू धोक्याच्या." हा एक मुद्दा मात्र मेसेजचा बरोबर आहे आणि तो शेवटच्या ओळीत ढकललाय. बालवाडीतल्या एका मुलानं मोजायला दिलेला हरभरा नाकात घातला. संध्याकाळपर्यंत तो ओलाव्यानं फुगला आणि डॉक्टरांना चिमट्यानं काढावा लागला. चूक माझी होती. लहान मुलांपुढे शेंगदाणे, चिंचोके, बटणं, मणी ठेवू नयेत. रिमोटमधले नाण्यासारखे चपटे सेल तर घरात उघडे दिसताच कामा नयेत, ते गिळले तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. मोजायला वाट्या, चमचे, लिंबं, बटाटे, मोजे, जिन्याच्या पायऱ्या घ्या, आणि शेजारी बसा. आमच्या घरी चिंचोक्यांचा डबा वरच्या फळीवर आहे. नात पाच वर्षांची झाली की सागरगोट्यांबरोबर तोही खाली काढू.