पहिला पगार खात्यात पडेपर्यंत जोडीदाराचा राजीनामा नको

सहायक प्राध्यापकाचं नियुक्तीपत्र हातात आलं की घरात विषय निघतो तो बायकोच्या नोकरीचा. "आता तिनं सोडून द्यावी, दोघंही तिकडंच राहा." सांगणाऱ्यांना वाटतं, नियुक्तीपत्र मिळालं म्हणजे नोकरी लागली. अनुदानित महाविद्यालयात तसं नसतं.

आधी क्रम पाहा. बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या आरक्षण प्रवर्गाची याची नोंद, मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाचं ना-हरकत आणायचं, जाहिरातीचा मसुदा विद्यापीठाकडून मंजूर करून घ्यायचा. मग जाहिरात, छाननी, मुलाखत, नियुक्तीपत्र. रुजू झाल्यावर विद्यापीठाची वैयक्तिक मान्यता, नंतर सहसंचालक कार्यालयात वेतननिश्चिती, नंतर सेवार्थ या शासनाच्या ऑनलाइन पगार प्रणालीत नाव, आणि मग पगार. हे शेवटचे टप्पे कित्येक महिने खातात. अडतं ते बहुतेक कागदावर. जाहिरातीतला प्रवर्ग बिंदुनामावलीशी जुळत नाही, जातवैधता प्रमाणपत्र आलेलं नसतं, निवड समितीच्या अहवालावर एखादी सही राहिलेली असते आणि तो सदस्य एव्हाना निवृत्त झालेला असतो. थकबाकी पुढे मिळते, पण तोवर घरभाडं, किराणा आणि मुलांची फी चालते ती जोडीदाराच्या पगारावर. तोच पगार आपण आधी बंद करायला निघतो. काही दिवस सोबत राहायचंच असेल तर रजा घ्या, बिनपगारी का होईना. राजीनामा मात्र पहिला पगार जमा झाल्यावर, आणि तोही खरंच द्यावा लागणार असेल तरच.

दुसरी गोष्ट लोक फार उशिरा लक्षात घेतात. अनुदानित महाविद्यालयातली जागा त्या संस्थेची असते. शासन पगार देतं, पण गडचिरोलीतल्या कुरखेड्याच्या संस्थेतून यवतमाळमधल्या पुसदच्या संस्थेत बदली होत नाही. दुसरीकडं जायचं तर नव्यानं अर्ज करायचा, तोही योग्य मार्गानं, म्हणजे आपल्या संस्थेच्या परवानगीनं. ती न घेता गेलात तर सेवासातत्य आणि वेतन संरक्षण दोन्हींचा वांधा होतो. म्हणून ज्याची नोकरी बदलीची आहे त्यालाच हलावं लागतं. हे उघड बोलून ठरवा, लग्नाआधी असेल तर फारच बरं.

जोडीदार जिल्हा परिषदेत शिक्षक असेल तर पती-पत्नी एकत्रीकरणाचा रस्ता आहे. जिल्ह्यांतर्गत बदलीत त्यांचा संवर्ग 2, म्हणजे प्राधान्य मिळणारा गट. अट अशी की दोघांच्या कामाच्या ठिकाणांमधलं अंतर 30 किलोमीटरपेक्षा जास्त हवं. अंतराचा दाखला मनानं लिहून चालत नाही, बांधकाम विभागाचा लागतो. दुसऱ्याची नोकरी अनुदानित संस्थेतली असेल तर धरतात, तासिका तत्त्वावरची, म्हणजे घेतलेल्या तासांपुरते पैसे देणारी असेल तर नाही. जिल्हाच बदलायचा असेल तर काम आणखी अवघड. ज्या जिल्ह्यात यायचं तिथं आपल्या प्रवर्गाची जागा रिक्त हवी, शिवाय सध्याच्या जिल्ह्यानं कार्यमुक्त करायला हवं. सध्याच्या जिल्ह्यातच शिक्षक कमी असले की बदलीचा आदेश हातात असूनही माणूस सुटत नाही. सुटला तरी मागची ज्येष्ठता जाते, नव्या जिल्ह्यात तो यादीत शेवटी येतो आणि उरलेल्या शाळांमधूनच निवड करावी लागते. गडचिरोलीत तर जिल्हा एकच मिळून भागत नाही. एक वडशाला आणि दुसरा सिरोंच्याला असला तर मधलं अंतर 200 किलोमीटरच्या वर. अख्ख्या जिल्ह्याला रेल्वे वडशालाच, त्यामुळं पुढचा सगळा भरवसा एसटीवर.

आता संस्थाचालकांच्या गोड शब्दाबद्दल. "मॅडमचंही नेट आहे ना? त्यांना सीएचबीवर घेऊ." नेट म्हणजे प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा (सेट ही राज्याची), आणि सीएचबी म्हणजे तीच तासिका तत्त्वावरची नोकरी. घेतील, पण ही नोकरी धरून संसाराचा हिशेब मांडू नका. घेतलेल्या तासिकांचेच पैसे मिळतात, तेही उशिरा. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत शून्य. पुढं पदोन्नतीसाठी मागची सेवा धरायची तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमावलीत अट आहे की त्या काळातलं एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या वेतनापेक्षा कमी नसावं. सीएचबीची वर्षं त्यात बसत नाहीत. त्याच नियमावलीत महाविद्यालयांसाठीच्या छाननीच्या तक्त्यात पीएचडीला 25 गुण, नेटला 8, सेटला 5. अनुभवाला वर्षाला 2 आणि कितीही शिकवलं तरी 10 च्या वर नाहीत. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की नेट झालेल्या जोडीदारानं गावातल्या सीएचबीत पाच वर्षं घालवण्यापेक्षा पीएचडी आधी संपवावी. मार्गदर्शक नागपूर-अमरावतीत असला तरी चालेल.

मुलाखतीत उमेदवार बाई असली की "मिस्टर कुठं असतात? इथं राहाल ना?" असं विचारतात. पुरुषाला हे कुणी विचारत नाही. हा प्रश्न बंदच झाला पाहिजे. संस्थेला माणूस टिकायला हवा असेल तर तिनं गावात भाड्याचं घर, चांगली शाळा, दवाखाना यांची माहिती स्वतःहून द्यावी. रुजू व्हायला मुदतवाढ मागितली तर ती बिनशर्त द्यावी.

शेत विकून, पैसे मोजून जागा मिळवणाऱ्यांबद्दल इथं लिहीत नाही. तो वेगळा आणि फार कडू विषय आहे.

गाव बघायला दोघं मिळून जा, आणि दिवाळीच्या गार हवेत जाऊ नका. मे महिन्यात जा म्हणजे ब्रह्मपुरीचं ऊन कळेल, किंवा ऑगस्टमध्ये, कारण पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो. घर पाहताना बोअरचं पाणी बादलीत काढून रात्रभर ठेवायला सांगा. अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात सकाळी कडेला पांढरा थर दिसेल. यवतमाळमधल्या केळापूर-झरी भागातल्या फ्लोराईडचा तर डोळ्यांना पत्ताही लागत नाही, ते पाणी प्रयोगशाळेतूनच तपासून घ्या. लहान मूल सोबत असेल तर पाण्याचा अहवाल हातात आल्याशिवाय घरमालकाला डिपॉझिट देऊ नका.