करपा, कंपायलर आणि कृषी केंद्र

केळीच्या पानाचा फोटो पाहून करपा आहे की नाही ते सांगणारा प्रोग्राम मी लिहिला. आता फक्त कंपायलरला, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवून देणाऱ्याला, सांगायचं होतं, की बाबा, कोणत्या प्रोसेसरसाठी बांधायचं. माझा कंपायलर जीसीसी; त्याच्या माहितीपुस्तिकेतली प्रोसेसरांची यादी वाचायला जळगावातली मे महिन्याची अख्खी दुपार पुरत नाही. नोकोना, हॅसवेल, स्कायलेक, झेडएनव्हर वन... सोयरिकीला निघाल्यासारखं वाटतं. कूळ चुकलं की लग्न मांडवातच मोडणार.

सोपा मार्ग म्हणजे कंपायलरला 'मार्च नेटिव्ह' हा पर्याय देणं. ज्या मशीनवर बांधाल, तिच्या अंगी असेल नसेल ते सगळं वापरलं जातं. माझ्या मशीनला एव्हीएक्स टू (प्रोसेसरच्या सूचनांचा एक संच) येतं, म्हणजे आठ दशांश आकड्यांची बेरीज एका दमात. एव्हीएक्स टू इंटेलच्या हॅसवेलबरोबर २०१३ साली आलं. भाच्याने तीच फाइल न विचारता पेनड्राइव्हवर घालून यावलला नेली. संध्याकाळी कृषी केंद्रातून फोन: "काय रे भो, इलीगल काय टाकलं याच्यात? पडद्यावर 'इलीगल इन्स्ट्रक्शन' येतंय. उद्या कृषी अधिकारी आले म्हणजे मी काय सांगू?"

तिथल्या प्रोसेसरला एव्हीएक्स टूच्या सूचना कळतच नव्हत्या. मग ठरवलं, आधी गिऱ्हाइकांचे प्रोसेसर विचारू. सावद्याचे काका म्हणाले, "काळा आहे, टेबलाखाली असतो." फैजपूरच्या दादांनी मॉनिटरवरचं नाव वाचून दाखवलं. चोपड्याला स्कायलेक निघाला म्हणून जीव भांड्यात पडला, तर तो पेंटियम! त्या घराण्यातल्या पेंटियमला एव्हीएक्स दिलेलंच नाही. आडनावावर विश्वास ठेवू नये तो असा.

वेगासाठी कंपायलरने प्रोग्राम किती घासायचा, हे सांगणारे 'ओ'चे पर्याय असतात. त्यातल्या 'ओ फास्ट'ची मला भीतीच वाटते. वेगासाठी ते बेरजेचा क्रम बदलायची मुभा घेतं आणि दशांशाच्या शेपटाकडचा आकडा हलतो. काठावरचं पान करप्यातून सुटायचं आणि बिचारा शेतकरी फवारणी चुकवायचा. 'ओ थ्री'ने फाइल फुगते, वेग वाढेलच असं नाही. म्हणून 'ओ टू' धरलं. प्रोसेसरचं नाव 'एमट्यून' या पर्यायात दिलं तर धोका नाही; ते सूचनांची मांडणी बदलतं, नवीन सूचना घुसडत नाही. जड हिशेबाच्या फंक्शनवर मात्र 'टार्गेट क्लोन्स' ही खूण लावली. त्याच्या दोन प्रती बनतात, एक साधी, एक एव्हीएक्स टूची. प्रोग्राम सुरू होताना समोरचा प्रोसेसर पाहून योग्य ती निवडली जाते.

सगळीकडे चाललं. डोळ्याची पापणी लवायच्या आत निकाल! मी कौतुकाच्या अपेक्षेने सावद्याला फोन केला.

"चांगलं आहे," काका म्हणाले, "पण जरा हळू कर. इतक्या पटकन उत्तर आलं की शेतकऱ्याला वाटतं, पान पाहिलंच नाही. औषध घ्यायला तयार होत नाही तो."

आता थोडा उशीर घालतोय. तेही सरळ नाही. नुसताच गोल फिरत राहणारा रिकामा लूप टाकला तर 'ओ टू' त्याला बिनकामाचा समजून उडवून लावतं. म्हणून प्रोग्रामला क्षणभर थांबवणारं 'स्लीप' टाकलंय, आणि काकांच्या आग्रहावरून पडद्यावर फिरणारं एक चक्र.