‘दुखत नसताना दाढ कोरली’ या रिव्ह्यूला दवाखान्याचं उत्तर

नमस्कार दादा. तुमची तक्रार थोडक्यात अशी: सात वर्षांच्या मुलाच्या दोन दाढांना कीड होती, दुखत एकही नव्हती. तरी एक कोरून सिमेंट भरलं आणि दुसरीला नुसतं औषध फासून पैसे घेतले. ‘दुधाचे दात पडणारच होते’ असंही तुम्ही लिहिलंय. मुलाची फाइल मी इथे उघडणार नाही, तुम्ही स्वतः जे मांडलंय त्यावरच बोलते. अमळनेर-पारोळ्याकडचे कितीतरी पालक हेच विचारतात, म्हणून जरा सविस्तर.

साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना आधीचा कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे घरात कुणाला पत्ता लागत नाही आणि सगळे तिला दुधाचीच समजतात. ती कायमची असते, गेली की परत येत नाही. सात वर्षांच्या मुलाच्या तोंडातली सगळ्यात मागची दाढ बहुधा हीच. आणि दुधाच्या दाढासुद्धा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायला हव्यात, त्या जागा धरून ठेवतात.

‘दुखस नही, मंग कसाले भरता?’ हे मी रोज ऐकते. दाताच्या वरच्या कडक थराला, म्हणजे इनॅमलला, नस नसते. कीड तिथे असेतो काहीच जाणवत नाही. ती त्याखालच्या मऊ थरात, म्हणजे डेंटिनमध्ये, उतरली तरी बऱ्याच मुलांना दुखत नाही. रात्री आडवं पडल्यावर ठणका लागतो, तोवर कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन भिडलेली असते आणि मग निव्वळ सिमेंट भरून भागत नाही. रूट कॅनाल करा, नाहीतर दात काढा, एवढंच उरतं. दुखण्याची वाट बघणं म्हणजे हीच वाट बघणं.

आता दोन दाढा, दोन उपचार का? दाढ हवेने कोरडी केली की सुरुवातीची कीड खडूसारख्या पांढुरक्या डागाने दिसते. ओल्या दातावर ती लपून राहते. साखर खाऊन जंतू आम्ल तयार करतात आणि ते इनॅमलमधले क्षार ओढून नेतं. पण वरचा पृष्ठभाग अखंड असेल तर लाळ आणि फ्लोराइड ते क्षार परत भरून काढू शकतात. अशा दाढेला मशीन लावणं मला पटत नाही. तिला फ्लोराइड वार्निश, म्हणजे फ्लोराइडचा पातळ लेप, लावतो. तुम्ही ज्याला ‘फासणं’ म्हणता तो हाच उपचार.

पृष्ठभाग फुटून खड्डा पडला, त्यात अन्न अडकतंय आणि ब्रश पोचत नाही, किंवा एक्स-रेत कीड डेंटिनमध्ये खोल दिसते, तेव्हा मात्र भरावंच लागतं. कपाशीचं बोंड बाहेरून धड दिसतं आणि फोडलं की आत अळीने सरकी पोखरलेली निघते, तसं या दाढेचं होतं. उलट प्रत्येक काळी रेघ भरायची नसते. कडक, चकचकीत काळी रेघ अनेकदा नुसता डाग असतो किंवा थांबलेली कीड. रंगावरून निर्णय होत नाही.

‘गिऱ्हाईक बनवलं’ हे वाचून वाईट वाटलं. वार्निशपेक्षा सिमेंटचं बिल मोठं असतं. पैसाच बघायचा असता तर दोन्ही दाढा कोरल्या असत्या. एकदा कोरलेला दात पहिल्यासारखा होत नाही. भरलेलं सिमेंट कधी ना कधी बदलावं लागतं आणि दर वेळी थोडा दात आणखी जातो. म्हणून वाचवता येईल ती दाढ वाचवायची, हाच आमच्याकडचा नियम.

दुसऱ्या डॉक्टरांना जरूर दाखवा. एक्स-रे आणि फोटोंची कॉपी काउंटरवर मिळेल, पैसे लागणार नाहीत. वार्निश लावलेली दाढ तीन महिन्यांनी पुन्हा बघायची आहे, ती चुकवू नका. तोवर किमान १००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट वापरा. आकडा ट्यूबवर छापलेला असतो, पेस्ट वाटाण्याएवढीच घ्या. रात्रीचा ब्रश मुलाच्या हाती न सोपवता तुम्ही करून द्या, मागच्या दाढेपर्यंत त्याचा हात पोचत नाही. त्यानंतर फक्त पाणी. चहा-बिस्कीट, क्रीमचं बिस्कीट काही नाही.