रेक्टिफायर ट्यूब आहे म्हणजे सॅग आहेच, असं नसतं

गिटारवाल्यांमध्ये एक पोस्ट सारखी फिरतेय. म्हणे व्हॉक्स एसी३० हा ॲम्प क्लास ए (पॉवर ट्यूबमधून करंट सतत वाहता ठेवणारं सर्किट) आहे म्हणून तसा वाजतो, रेक्टिफायर ट्यूब (एसी विजेची डीसी करणारी) असली की सॅग, म्हणजे जोरात वाजवल्यावर सप्लायचं व्होल्टेज बसणं, येतोच, पॉवर ट्यूब ईएल३४ म्हणजे ब्रिटिश आणि ६एल६ म्हणजे अमेरिकन आवाज, आणि १०० वॅटचा ॲम्प ५० च्या दुप्पट मोठा. पोरं हे वाचून पैसे घालतात म्हणून लिहावंसं वाटलं.

आधी क्लास ए. एसी३० मध्ये चार ईएल८४ पॉवर ट्यूब, एकीची प्लेट जास्तीत जास्त १२ वॅट सोसते, चारींचे झाले ४८. खऱ्या क्लास ए ची कार्यक्षमता कागदावरसुद्धा ५० टक्क्यांच्या वर जात नाही, म्हणजे फार तर २४ वॅट, मग ३० कुठून आले? तो क्लास एबीच आहे (जोरात वाजवलं की ट्यूब आळीपाळीने थोडा वेळ बंद होतात), फक्त कॅथोड बायसवाला (ट्यूबचा करंट कॅथोडवरच्या रेझिस्टरने ठरतो), गरम म्हणजे गप्प असतानाही जास्त करंटवर चालवलेला, आणि निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देणं) नसलेला. त्याचा स्वभाव तिथून येतो.

आता सॅग, हा मुद्दा नीट समजून घ्या. जोरात कॉर्ड मारली की पॉवर ट्यूब जास्त करंट ओढतात, सप्लायचं व्होल्टेज बसतं, अटॅक दबतो आणि मग नोट फुगून वर येते. फेंडरच्या ५ई३ ट्वीड डिलक्सवर हे हाताला स्पष्ट जाणवतं, कारण तिथली ५वाय३ ही रेक्टिफायर ट्यूब भार आला की ५० व्होल्टच्या आसपास खाते, सप्लायचा साठा धरणारे फिल्टर कपॅसिटर फक्त १६ मायक्रोफॅरडचे, आणि वर कॅथोड बायसही सरकतो. पण हीच ५वाय३ फेंडरच्या छोट्या चॅम्पमध्येही आहे आणि तिथे सॅग जवळजवळ नाहीच, कारण पॉवर ट्यूब एकटी ६व्ही६, सिंगल एंडेड, म्हणजे खरा क्लास ए, वाजवा नाहीतर गप्प बसा, सरासरी करंट साधारण तेवढाच. करंट वाढलाच नाही तर व्होल्टेज पडेल कशाला? म्हणजे खरा क्लास ए असेल तर सॅग जवळजवळ नाही, पोस्टमधले पहिले दोन मुद्दे एकमेकांनाच कापतात. जीझेड३४ ही दुसरी रेक्टिफायर ट्यूब तर मुळातच कमी व्होल्ट खाते, आणि ट्रान्सफॉर्मरच्या वायंडिंगच्या रोधामुळे रेक्टिफायर ट्यूबऐवजी सिलिकॉन डायोड असलेल्या ॲम्पचंही व्होल्टेज थोडं बसतंच. आणि कृपा करून सॅगच्या हौसेने एसी३० मध्ये ५वाय३ खोचू नका, तिची मर्यादा १२५ मिलीॲम्प, चार ईएल८४ नुसत्या बसून त्याहून जास्त ओढतात.

ब्रिटिश-अमेरिकनचं तर सोडाच. मार्शलचा जेटीएम४५ फेंडर बेसमनच्या सर्किटवरूनच केलेला, सुरुवातीला त्यात ५८८१ होत्या, म्हणजे ६एल६ च्याच घरातल्या. उलट हायवॉट डीआर१०३ या ब्रिटिश ॲम्पमध्ये ईएल३४ आहेत आणि मार्शलचा आवाज फाटायला लागतो तिथेही तो स्वच्छ राहतो.

वॅट दुप्पट झाले की फरक पडतो ३ डेसिबलचा, कानाला दुप्पट वाटायला साधारण १० लागतात, म्हणजे दसपट पॉवर. तेव्हा घरी वाजवायला म्हणून १०० ऐवजी ५० घेत असाल तर काही साधणार नाही, सरळ ५ वॅटचा बघा.