अकरावीत पोरींचं मैदान बंद करू नका

बारावीचा निकाल लागला की मेसेज सुरू होतात. वर्धा, यवतमाळ, वाशीम, कुठून कुठून. प्रश्न एकच, "ताई, फुटबॉलवर अमेरिकेत फुल स्कॉलरशिप भेटते का?" मी कॅन्सस राज्यातल्या एका लहानशा कॉलेजात शिकते आणि तिथल्या मुलींच्या फुटबॉल संघात खेळते (आपल्या फुटबॉलला तिकडे सॉकर म्हणतात). घर आर्वी तालुक्यात, पाच एकर कोरडवाहू. एकेकाला तुटक उत्तर देण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून टाकते. लांबेल, पण वाचा.

आधी पैशाचं, कारण सगळे तिथेच अडतात. अमेरिकेत कॉलेजच्या खेळांची सगळ्यात मोठी संघटना एनसीएए. तिच्यात तीन डिव्हिजन, म्हणजे स्तर. पहिल्या डिव्हिजनमधल्या मुलांच्या फुटबॉल संघाला वर्षानुवर्षं ९.९ स्कॉलरशिपची मर्यादा होती. संघात पंचवीस-तीस पोरं आणि वाटायला दहासुद्धा नाहीत! म्हणून कोच तुकडे पाडायचे, कुणाला पाव, कुणाला अर्धी. खेळाडू आणि एनसीएए यांच्यातल्या २०२५ मधल्या न्यायालयीन तडजोडीनंतर त्यात सामील झालेल्या कॉलेजांसाठी ही मर्यादा गेली आणि संघात जास्तीत जास्त २८ खेळाडू असा नियम आला. पण मर्यादा उठली म्हणजे कॉलेजकडे पैसा आला असं होत नाही. तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळाची स्कॉलरशिप मुळातच नाही. याशिवाय एनएआयए ही बहुतेक छोट्या कॉलेजांची वेगळी संघटना आहे, आणि बारावीनंतरची दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं आहेत (आपली अकरावी-बारावीची नव्हेत). आपल्यासारख्यांना दार उघडतं ते जास्त करून इथे. टीव्हीवर दिसणाऱ्या विद्यापीठांच्या नावामागे लागून वर्ष घालवू नका.

आता हिशोब मांडा. खाजगी कॉलेजचा राहण्या-खाण्यासकट वर्षाचा खर्च बहुतेक ठिकाणी ४० हजार डॉलरच्या वर जातो, म्हणजे ३५ लाखांच्या आसपास किंवा जास्तच. त्यातला अर्धा माफ झाला तरी उरलेले सतरा-अठरा लाख आणायचे कुठून? लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल. पाच एकरांत एकरी पाच क्विंटल धरले, आणि सगळा माल हमीभावाने गेला असंही धरलं, तरी हाती येतात दोन लाख. त्यातून बियाणं, फवारणी, वेचाई जायचीच आहे. हा हिशोब मी बाबांसोबत ओसरीवर बसून वहीत केला होता. खेळाच्या जोरावर एकट्याने हे गणित सुटत नाही.

माझं सुटलं ते मार्कांमुळे. अमेरिकेतली बरीच कॉलेजं अभ्यासातल्या गुणांवर वेगळी स्कॉलरशिप देतात आणि अनेक ठिकाणी ती खेळाच्या स्कॉलरशिपला जोडून मिळते. मला खेळाची जेवढी मिळते, त्याहून गुणांची जास्त आहे. कोचला बजेट पुरवायचं असतं. अभ्यासात बरी असलेली खेळाडू त्याला स्वस्त पडते, हे त्याने मला पहिल्याच व्हिडिओ कॉलवर सरळ सांगितलं.

म्हणून मला राग येतो तो आपल्याकडच्या अकरावीचा. दहावीपर्यंत पोरगी खेळते, सगळे कौतुक करतात. निकाल लागला की नाव एका ज्युनियर कॉलेजात आणि पोरगी दिवसभर नागपूर-अकोल्याच्या क्लासमध्ये. "आता दोन वर्षं खेळ बंद." जी खेळत राहते तिचं उलटं, तिने अभ्यास सोडला असंच घरचे, शिक्षक, शेजारी धरून चालतात. खेळाचा उपयोग विचाराल तर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण, एवढाच माहीत. त्यात चूक काही नाही, पण तेवढ्यावर थांबतो आपण. आणि ज्या दोन वर्षांत कोच खेळाडू शोधतात, नेमक्या त्याच दोन वर्षांत आपल्या पोरी मैदानावर नसतात.

एनसीएएच्या पहिल्या दोन डिव्हिजनमध्ये खेळायचं तर नववी ते बारावीतले इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं असे ठरावीक १६ कोर्स मोजतात. त्यांची सरासरी पहिल्या डिव्हिजनला ४ पैकी किमान २.३ आणि दुसऱ्या डिव्हिजनला २.२ लागते. एनएआयएचे नियम वेगळे, पण शाळेची गुणपत्रकं तिथेही लागतात. नववीचं प्रगतिपुस्तक कोण सांभाळून ठेवतं? माझं मराठीत, हाताने लिहिलेलं, घरी सापडेना. शेवटी शाळेच्या बाबूंनी कपाटातून निकालाचं जुनं रजिस्टर काढलं, पानं एकमेकांना चिकटलेली, त्यावरून मुख्याध्यापकांनी सही-शिक्क्याची नक्कल दिली आणि मग तिचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं. मार्कशीटवर नावाचं एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, ते निस्तरण्यात पावसाळा गेला. पासपोर्ट काढायच्या आधी हे बघून घ्या.

तिकडे गेल्यावर अभ्यास सुटत नाही, उलट गळ्याशी येतो. सीझन ऑगस्ट ते नोव्हेंबर. सकाळी सहाला मैदान, मग वर्ग, मग स्टडी हॉल, संध्याकाळी जिम किंवा व्हिडिओ. बाहेरच्या मॅचला बसमध्ये पाच-सहा तास जाणं आणि त्याच रात्री परत. एकदा माझी स्टॅटिस्टिक्सची परीक्षा मॅचच्या दिवशी आली. प्रोफेसरांनी पेपर सहाय्यक कोचकडे पाठवला, आणि मी हॉटेलच्या लॉबीत, समोर सहाय्यक कोच मॅडम घड्याळ लावून बसलेल्या, जर्सीवरच पेपर सोडवला. दोन तासांनी मैदानात होते. तिथे कुणालाच त्यात वेगळं काही वाटलं नाही. खेळायचं तर सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट घ्यावे लागतात. अमेरिकन मैत्रिणीने एखादा विषय सोडला तर तिची फार तर मॅच जाते. आपण एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर असतो, परवानगीशिवाय १२ च्या खाली गेलो तर व्हिसाच धोक्यात. कामही कॉलेजच्या आवारातच, सेमिस्टर चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. अमेरिकन खेळाडू २०२१ पासून आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेऊ शकतात, आपण व्हिसामुळे त्या फंदात पडायचं नाही.

मी निघाले तेव्हा आजी बाबांना म्हणाली, "पोरीले चेंडू खेळाले येवढ्या दूर कायले धाडता?" बाबा म्हणाले, "शिकाले जाऊन राहिली माय, चेंडू संगं हाय." जे मेसेज करतात त्यांच्या घरी ही वाटणी आधी पक्की व्हायला हवी.

मुलींनो, आता खास तुमच्यासाठी. अमेरिकेत १९७२ मध्ये टायटल नाइन हा कायदा झाला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगा-मुलगी भेद चालत नाही, आणि खेळही त्यात आले. त्यामुळे पहिल्या डिव्हिजनमध्ये मुलांचे फुटबॉल संघ २०० च्या वर, तर मुलींचे ३०० च्या वर आहेत. मुलांना ९.९ स्कॉलरशिपची मर्यादा होती तेव्हा मुलींना १४ ची होती. म्हणजे या एका खेळात मुलींचं दार मुलांपेक्षा रुंद आहे! आणि आपल्या गावात मैदान आधी कुणाचं सुटतं? मुलीचंच. चड्डी घालून खेळते म्हणून, उन्हात काळी पडेल म्हणून, सरावाला जायला एसटी नाही म्हणून. विदर्भात फुटबॉल नाही असं कुणी सांगू नये. कामठीत तो पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, आणि नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतली पोरं मैदानात उतरवली. अदिती चौहान इंग्लंडला लफबरो विद्यापीठात शिकायला गेली आणि २०१५ मध्ये वेस्ट हॅमच्या महिला संघाची गोलकीपर झाली. शिक्षण आणि फुटबॉल एकमेकांच्या आड येतात हे मला पटवायला येऊ नका.

कर्ज माझ्यावर आहे, लपवत नाही. साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँकेच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, त्याच्या वर बहुतेक वेळा लागतं. आणि आपल्याकडे तारणाला असते शेती, जी बहुतेक बँका शैक्षणिक कर्जासाठी घेत नाहीत. सातबारा घेऊन गेलेले बाबा तसेच परत आले. मामांचा वर्ध्याचा एनए (बिगरशेती) प्लॉट नसता तर मी आज इथे नसते. ज्या पोरीला असा मामा नाही तिने काय करावं? राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे. केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपही तशीच. कॉलेजच्या संघात खेळायचं वय मात्र पदवीचं. परदेशी कॉलेजच्या संघात निवड झालेल्या पोरापोरींसाठी पदवीला थोड्या जागा ठेवल्या, तर कुणाचा वाटा कमी होणार नाही. आमदारसाहेबांच्या चषकांवर होणाऱ्या खर्चातला थोडा इकडे वळला तरी चालेल, हे मी मनापासून म्हणते.

"गॅरंटीने पाठवतो" म्हणून लाखो रुपये मागणारे एजंट आहेत. माझ्याकडेही मागितले होते. एक पैसा देऊ नका. कॉलेजच्या वेबसाइटवर बहुतेक वेळा कोचचा ईमेल असतो. खेळाडूंच्या यादीत कोण कुठल्या देशाची हे दिसतं. जिथे आधीच परदेशी मुली आहेत तिथे आधी लिहा. गावोगावच्या स्पर्धांत रोख बक्षिसाचा वाटा घेण्याआधी हौशी, म्हणजे पैशासाठी न खेळणाऱ्या, खेळाडूचे नियम वाचून घ्या.

आणि पीटीच्या सरांना, मॅडमना विनंती. मॅच उंचावरून शूट करा. माझ्या भावाने ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून केलं होतं, आमच्या काळ्या मातीच्या मैदानातल्या भेगासुद्धा त्यात दिसतात, आणि कोचने तोच व्हिडिओ पाहिला. नुसते गोल कापून लावू नका, पूर्ण मॅचही ठेवा, जर्सीचा नंबर ओळखू यायला हवा. मला मेसेज करताना खेळायची जागा, नववीपासूनचे गुण आणि व्हिडिओची लिंक, तिन्ही पाठवा. सीझन चालू असताना उत्तराला उशीर होतो, रविवारी बसून देते.